आश्रिताचे नित्योपचार



अठरा पर्वांच्या महाभारतात राजे, ऋषी, देव आणि दानव यांची गणती नाही. परंतु त्या महाग्रंथाच्या प्रवेशद्वारी एक श्वान उभा आहे आणि अखेरच्या पायरीवरही एक श्वान उभा आहे, ही गोष्ट आपणांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आली असेल. आदिपर्वात पौष्यपर्वाच्या आरंभी जनमेजय राजा आपल्या भावांसह कुरुक्षेत्री सत्र करीत असतो. तेथे देवशुनी सरमा हिचा पुत्र येतो. राजाचे भाऊ त्यास मारून हाकलतात. तो रडत आईपाशी जातो आणि सांगतो की, हविर्द्रव्यास आपण तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेही नाही. सरमा यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. निरपराध जीवास का मारिले, या तिच्या प्रश्नावर राजकुळातील एकासही उत्तर देता येत नाही. तेव्हा ती शाप देते की, न दिसणारे भय तुमच्यावर येईल. त्या शापाने व्याकुळ झालेला राजा योग्य पुरोहिताच्या शोधास लागतो. एवढ्या मोठ्या राजाचे सत्र एका मुक्या प्राण्याच्या रडण्याने डळमळले, हे व्यासांस ग्रंथारंभीच सांगावेसे वाटले.

पुढे सतराव्या, महाप्रास्थानिक पर्वात पांडव राज्य सोडून हिमालयाकडे निघतात आणि एक कुत्रा त्यांच्या मागे चालू लागतो. वाटेत द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि भीम एकामागून एक पडतात. उरतात ते युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्यास खालीच सोडावे लागेल असे सांगतो. युधिष्ठिर नकार देतो. त्यावर इंद्र मोठा अवघड प्रश्न घालतो: भावांस आणि पत्नीस वाटेत सोडिलेस, मग या कुत्र्याचाच एवढा आग्रह का? धर्मराजाच्या उत्तराचा आशय असा की, ती सर्व मृत झाली होती, त्यांस उठविणे माझ्या हाती नव्हते. ती जिवंत असता मी त्यांस सोडिले नाही. हा जीव जिवंत आहे, माझ्या आश्रयास आहे, आणि आश्रिताचा त्याग हे महापातकांच्या तोडीचे पाप आहे.

पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात् यमधर्म होता असे उघड होते, हे आबालवृद्धांस ठाऊक आहे. परंतु कथेचा शेवट ठाऊक असल्यामुळे आपण तिच्या मध्यावर थांबत नाही. तो कुत्रा कोण आहे हे युधिष्ठिरास ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने ते वाटेत मागे लागलेले एक जनावर होते. त्यापासून त्यास काही लाभ नव्हता, उलट हाती आलेला स्वर्ग जाण्याचा संभव होता. जिवंत आहे आणि आपल्यावर विसंबले आहे, एवढ्या दोनच गोष्टी त्याने पाहिल्या.

हे निरूपण आज करण्यास एक निमित्त आहे. आपल्या एका सभासद कुटुंबाच्या मागील पडवीत गेले आठ महिने एक कुत्री राहत आहे. मुलांनी तिचे नाव गंगी ठेविले आहे. वय सुमारे ३ वर्षे, वजन १६ किलो, रंग तांबूस. कानास खाच आहे, म्हणजे तिची नसबंदी पूर्वीच झालेली आहे. रेबीजची लसही टोचलेली आहे. गेल्या फाल्गुनात ती देवळामागील बोळात तोंडास फेस येऊन पाय झाडीत पडलेली दिसली. कोणी म्हणाले पिसाळली, कोणी म्हणाले विष खाल्ले. दगड उचललेले हातही तेथे होते. त्या घरच्या गृहिणीने लोकांस दूर सारले आणि स्वतःही दूर उभे राहून पशुवैद्यास बोलाविले. दोन मिनिटांत झटके थांबले. मग ती उठली आणि आंधळ्यासारखी भिंतीवर आदळत चालू लागली. वैद्यांच्या माणसांनी तिला जाळीत धरून नेले, दहा दिवस वेगळे ठेवून तिच्यावर लक्ष ठेविले आणि नंतर निदान सांगितले. पिसाळण्याचा संबंध नव्हता. तो अपस्मार होता.

अपस्मार म्हणजे ज्यास आपण फेफरे, मिरगी किंवा फीट म्हणतो तोच विकार. तो माणसास होतो तसा श्वानासही होतो. गंगीच्या बाबतीत मूळ कारण बहुधा डिस्टेंपर हे असावे असे वैद्यांचे मत पडले. हा विषाणूचा रोग लहान पिल्लांत फार दिसतो. त्यातून जगलेल्या कित्येक प्राण्यांच्या मेंदूत इजा राहून जाते आणि झटके पुढे कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही सुरू होतात. गंगीचा उजवा पुढचा पाय झोपेतही ठेक्यात उडत राहतो, ती त्याच रोगाची खूण आहे. डिस्टेंपर माणसास होत नाही, आणि अपस्मार तर कोणाचाच कोणास लागत नाही. तिच्या अंगावरून हात फिरविण्याने मुलाबाळांस हा विकार होईल ही भीती सर्वथैव निराधार आहे.

यावर औषध आहे. फिनोबार्बिटोन नावाची जुनी व माहितीतली गोळी दर १२ तासांनी द्यावी लागते. गोळी महाग नाही. परंतु वैद्यांच्या चिठ्ठीवाचून ती मिळत नाही, आणि ती बहुधा जन्मभर द्यावी लागते. आरंभी काही दिवस प्राणी गुंगलेला व अडखळत चालणारा असा होतो, पुढे ते कमी होते. तहान व भूक मात्र वाढते आणि लघवीस वारंवार न्यावे लागते. औषधाचे रक्तातील प्रमाण आणि यकृताची स्थिती सुमारे सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागते. पूर्वी गंगीस महिन्यास चार-पाच वेळा झटके येत. आता दोन महिन्यांत एखादा येतो. साठ दिवसांतील एकोणसाठ दिवस ती कोणत्याही धडधाकट कुत्रीसारखी खाते, खेळते, दारात बसून फुलवालीची वाट पाहते.

या औषधाचा एक नियम कठोर आहे. ते एकाएकी बंद करता येत नाही. बंद केल्यास झटके परत येतात आणि पूर्वीपेक्षा जोराने, एकापाठोपाठ एक येतात. त्यांत प्राण जाण्याचाही संभव असतो. म्हणूनच गंगीस रस्त्यावर परत सोडता येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी व लस झालेल्या रस्त्यावरील श्वानास जेथून उचलले तेथेच परत सोडावयाचे असते. निरोगी प्राण्यास ते ठीक आहे. परंतु सकाळ-संध्याकाळ गोळी देणारा हात बोळात कोठून येणार? गंगीस बोळात सोडणे म्हणजे तिला चार दिवसांत रहदारीच्या मध्यभागी झटका यावा अशी तजवीज करणे होय.

आता अडचण अशी उभी राहिली आहे की, तिला ज्यांनी ठेवून घेतले ती दोघेही सत्तरी ओलांडलेली आहेत. यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मार्गशीर्षात व्हावयाची असून नंतर त्यांस दीर्घकाळ मुलाकडे पुण्यास राहणे प्राप्त आहे. तेथील लहान बिऱ्हाडात तिची सोय नाही. चंपाषष्ठीच्या आत गंगीस घर मिळाले पाहिजे.

'किती बिचारी!' असे उद्गार आम्ही गेल्या महिन्यात पुष्कळ ऐकले. त्या उद्गारांत खोटेपणा नव्हता. पण भूतदयेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद स्पष्ट केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. काशीहून आणलेले गंगोदक रामेश्वरास वाहण्याऐवजी नाथमहाराजांनी वाटेत तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्या गाढवास त्या क्षणी पाणी हवे होते; ते मिळाले आणि ते उठले. दयेचा हा एक प्रकार, तत्क्षणीचा. दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्या या इंदूर नगरीस दूर शोधावयास नको. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी या प्रांतात आलेल्या सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेविले आहे की, महेश्वराच्या आसपास उन्हाळ्यात नांगराचे बैल मध्येच थांबवून त्यांस पाणी पाजण्यासाठी देवींचा सेवक येत असे, आणि पाखरांस निर्धास्तपणे दाणे टिपता यावेत म्हणून त्यांनी शेते विकत घेऊन ठेविली होती. बैलांची दया कोणत्या शेतकऱ्यास येत नसेल? परंतु देवींनी त्यासाठी माणूस नेमला. अमुक ऋतूत, अमुक कामासाठी, रोज. ही दयेची व्यवस्था आहे. गंगीस हवी आहे ती ही दुसरी दया.

आणि हिचे शिक्षण आपणांस नवीन घ्यावयाचे नाही. देवळाशी जोडलेली आपण माणसे. पहाटे देवास उठवावयाचे, स्नान घालावयाचे, वस्त्र-गंध-फूल, मध्यान्ही नैवेद्य, सायंकाळी आरती, रात्री शेजारती. पुजाऱ्यास ताप असो की गावात पाऊस कोसळत असो, यांत खंड पडत नाही. पुजाऱ्याच्या घरी सुतक आले तर आपण पूजा बंद ठेवीत नाही, दुसऱ्याकडून करवितो. आज माझे मन प्रसन्न नाही, सबब देवास नैवेद्य नको, असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. या सर्व सेवेस शास्त्राने शब्द दिला आहे तो उपचार. पंचोपचार, षोडशोपचार आपण म्हणतो. आणि दुखणाइताच्या औषधपाण्यासही आपल्या भाषेत उपचार हाच शब्द आहे. दोहोंस एक नाव पडले ते योग्यच म्हणावे लागेल. कारण दोहोंचे मर्म एकच: वेळ पाळणे, स्वतःच्या सोयीवर न ठेवणे आणि फळाची घाई न करणे. सकाळी सातची पूजा आणि सायंकाळी सातची आरती ज्या घरात वर्षानुवर्षे चुकली नाही, त्या घरास सात-सातची गोळी जड जावी असे आम्हांस वाटत नाही. एकादशी असो, ग्रहण असो, घरात लग्न असो. गोळीस उपास नाही.

दुसरी गोष्ट सत्याची. श्रावणात एका सद्गृहस्थांनी मध्यस्थी करून गंगीस एक घर मिळवून दिले होते. हेतू चांगलाच होता. घर मिळावे या उत्कंठेने त्यांनी त्या कुटुंबास एवढेच सांगितले की, कधी कधी हिचे अंग थोडे थरथरते, जमेल तशी एक गोळी देत जा. नव्या घरच्यांनी जमेल तशीच गोळी दिली. नवव्या दिवशी मध्यरात्री तीन झटके आले. घरची दोन लहान मुले किंकाळ्या फोडून उठली. आईने तिच्या दातांत चमचा घालण्याचा प्रयत्न केला आणि बोट फाडून घेतले. सकाळी ते कुटुंब गंगीस घेऊन परत आले. त्यांनी तिला रस्त्यात सोडिले नाही, दारापर्यंत आणून पोहोचविले, हे त्यांचे सौजन्य. त्यांस दोष देण्याचे काही कारण नाही. जे त्यांस सांगितले गेले नव्हते ते त्यांनी कसे पाळावे?

येथे पुन्हा युधिष्ठिराचेच स्मरण होते. ज्याने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला, त्यासच पुढे स्वर्गारोहणपर्वात थोडा वेळ नरकाचे दर्शन घ्यावे लागते. आणि कारण सांगितले आहे ते हे की, अश्वत्थामा नावाच्या हत्तीचे निमित्त करून त्याने द्रोणाचार्यांस अर्धसत्य ऐकविले होते. कार्य मोठे होते, हेतूही आपल्या पक्षाच्या रक्षणाचा होता. तरी अर्ध्या सत्याचा हिशेब चुकला नाही. आश्रितास घर मिळवून देणाऱ्यांनी हे विसरू नये. व्यंग झाकून कन्येचे लग्न लावणारा जसा कन्येचेच अहित करतो, तसा आजार झाकून प्राणी देणारा त्या प्राण्याचेच अहित करतो. यास्तव आम्ही वर गंगीचे सर्व काही सांगितले आहे, आणि आणखीही सांगतो.

झटका येतो तेव्हा ती आडवी पडते, पाय ताठ होतात, मग झाडू लागतात, तोंडातून लाळ येते, कधी लघवी होते. अशा वेळी तिच्या तोंडात हात, चमचा, पाणी, काही घालू नये. जीभ गिळली जात नाही. कांदा वा चामडे हुंगविण्याचा काही उपयोग नाही. जवळचे टेबल-खुर्ची दूर करावे, जिना असल्यास तिकडे ती घरंगळणार नाही असे पाहावे, दिवा मंद करावा, मुलांस बाजूस न्यावे आणि घड्याळ पाहावे. बहुधा दोन मिनिटांत ते शांत होते. पाच मिनिटांहून अधिक चालले, किंवा एक संपून शुद्ध येण्यापूर्वी दुसरे सुरू झाले, तर तत्काळ वैद्य गाठावा. झटक्यानंतर ती काही काळ ओळख विसरल्यासारखी फिरते. तेव्हा तिला कवटाळू नये, नुसते नाव घेऊन हळू बोलावे. वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. त्या वहीवरूनच वैद्य मात्रा ठरवितात.

मग असे घर कोणते? मोठा बंगला हवा असे नाही. घरात निदान दोन माणसे गोळी देण्याचे जाणणारी असावीत, म्हणजे एक गावास गेले तरी खंड पडणार नाही. दिवसाचा बराच वेळ कोणी तरी घरी असावे. उघडी विहीर, कठड्यावाचून गच्ची किंवा उभा जिना तिच्या वाटेत नसावा. औषध मुलांच्या हाताबाहेर, कुलपात राहावे. आणि घरातील सर्वांची संमती असावी. एकाचा उत्साह व इतरांचे मौन यांवर असे व्रत टिकत नाही. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे आणि सेवेस हात अपुरे आहेत, ज्यांच्या घरी रांगते मूल आहे, ज्यांची नोकरी फिरतीची आहे, त्यांनी गंगीस घेऊ नये. न घेण्यात त्यांस काही उणेपण नाही. आपली शक्ती ओळखून नाही म्हणणारा मनुष्य आश्रिताचे हितच करतो.

काही शंका आमच्या कानांवर आल्या आहेत. पहिली सोवळ्याची. घरात देव आहेत, कुलाचार आहे, कुत्री कशी ठेवावी? ज्यांचा आचार कडक आहे त्यांचा आम्ही आदर करितो. देवघर व स्वयंपाकघर तिच्यासाठी बंद ठेवण्यास कोणाची हरकत नाही. आजही ती पडवीतच आनंदाने आहे. परंतु श्वान हा मुळातच आपल्या धर्माच्या कक्षेबाहेरचा आहे असे मात्र कोणी म्हणू नये. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे आणि वैश्वदेवानंतर श्वानाचा वाटा जमिनीवर ठेवण्याचा विधी आहे. दत्तमूर्तीच्या पायांशी चार श्वान आपण रोज पाहतो आणि ते चार वेद आहेत असे मुलांस सांगतो. होळकरांचे कुलदैवत जो जेजुरीचा मल्हारी, त्याच्याही सोबत श्वान आहे. त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानीत आले. चंपाषष्ठीस नैवेद्याचा वाटा कुत्र्यांस घालण्याची चालही आपल्या कित्येक घरांत आहे. मात्र येथे एक व्यवहाराची सूचना: कांदा व लसूण श्वानाच्या रक्तास अपायकारक आहेत आणि द्राक्षे व मनुका त्याच्या मूत्रपिंडास. तेव्हा भरिताचा घास आणि मनुका घातलेला शिरा त्यास घालू नये. कोरडा रोडगा द्यावा. भक्तीने घातलेला घासही जाणून घातला पाहिजे.

दुसरी शंका अशी की, माणसे उपचारावाचून राहत असता कुत्र्यापायी एवढा खटाटोप का? प्रश्न रास्त आहे. परंतु गंगीची गोळी बंद केल्याने कोणा रुग्णास ती मिळणार नाही. आपल्या ओळखीत असा रुग्ण असेल तर त्याचेही नाव समाजाच्या कार्यालयात अवश्य कळवावे. एका कर्तव्याची आठवण दुसरे टाळण्यासाठी करणे हे मात्र योग्य नव्हे.

तिसरी सूचना अशी आली की, तिला देवळाच्या आवारातच राहू द्यावे, देव पाहून घेईल. देव पाहून घेतो हे खरे; परंतु तो कोणाच्या तरी हातांनी पाहून घेतो. आवार सर्वांचे आहे, म्हणूनच तेथे सातची गोळी कोणाचीच राहणार नाही. उत्सवात फटाके, ढोल आणि गर्दी असते. अपस्माराच्या प्राण्यास ती जागा बरी नव्हे. तिला एक दार हवे, जे रात्री लागते आणि ज्याच्या आत तिचे माणूस असते.

कायद्याचाही दोन शब्दांत उल्लेख करणे अवश्य आहे. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत ज्या विषयाचा ध्यास घेतला, त्यातून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा झाला. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास सबळ कारणावाचून टाकून देणे, हा त्या कायद्याने अपराध आहे. १९७६ साली घटनेत जी मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली त्यांत प्राणिमात्राविषयी दया बाळगणे हे एक आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात असे सांगितले की, दत्तक घेतलेले श्वान पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. युधिष्ठिराने जे आपण होऊन मानले, ते आज राज्याच्या शब्दांतही आले आहे.

आता योजना सांगतो. गंगी ज्या घरी जाईल त्या घरच्या माणसांनी आधी निदान तीन वेळा तिच्या पडवीत यावे, तिच्याशी बसावे आणि एकदा तरी स्वतःच्या हाताने गोळी द्यावी. पोळीच्या तुकड्यात घालून दिली की ती तक्रार न करिता घेते. औषधाची वेळ, मात्रा आणि वर सांगितलेली सर्व लक्षणे लिहिलेली वही त्यांस मिळेल. प्रथम २१ दिवस ती त्यांच्याकडे राहील. त्या अवधीत जमत नाही असे दिसल्यास सरळ सांगावे. कोणी शब्दाने दुखविणार नाही. मात्र औषध न तोडता, वहीसह तिला परत आणावे.

एका घराने सर्व भार वाहावा अशी अपेक्षा नाही. देवळाची पूजा एक पुजारी करितो, परंतु फुले एकाकडून येतात, तूप दुसऱ्याकडून, आणि समईची वात कोणी आजी घरी बसून वळीत असते. तसेच हे आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी सहा महिन्यांतून एकदा तिला तपासणीस नेण्याचे पत्करावे. महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते आपणांस लांब नाही. एखाद्या घराने, तिची माणसे परगावी जातील तेव्हा तिला आठ-दहा दिवस ठेवून घेण्याचे वचन द्यावे. कोणी औषध संपण्यापूर्वी आठ दिवस आठवण करून देण्याचे काम घ्यावे. रक्ततपासणीचा खर्च वाटून घेता येईल. गंगीस प्रत्यक्ष न घेणारी चार घरे जर अशी पुढे आली, तर घेणाऱ्या पाचव्या घराचे धैर्य आपोआप वाढेल.

घर न मिळाले तर काय, हेही सांगितले पाहिजे. मग दोनच वाटा उरतात: रस्ता, किंवा पशुवैद्यांची अखेरची सुई. असाध्य वेदनेत तळमळणाऱ्या प्राण्यास तशी सुटका देणे यास आम्ही अधर्म म्हणत नाही. परंतु गंगी वेदनेत नाही. तिचा आजार आटोक्यात आहे, तिची भूक चांगली आहे, पावलांचा आवाज ओळखून ती उठते. जे उणे आहे ते तिच्यात नसून तिच्याभोवती आहे: दिवसातून दोनदा घड्याळ पाहणारे एक घर. ते उणे भरून काढणे आपल्या हाती आहे. आणि ती जिवंत आहे.

ज्या कुटुंबांस हे सेवाव्रत घ्यावयाचे आहे, अथवा त्यात थोडा हातभार लावावयाचा आहे, त्यांनी सायंआरतीनंतर कार्यालयात आपले नाव नोंदवावे. घरी सर्वांनी बसून, मुलांनाही विचारून, मग यावे. घाईने हो म्हणू नये आणि संकोचाने गप्पही राहू नये. आपल्या घरचे नित्योपचार अखंड चालोत आणि आश्रितास आपल्या दारी ठाव मिळो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.